गावच्या कबड्डीचा पंच

जत्रेचा दिवस आहे. पालखी देवळात परत आली. दुपार कलली. देवळामागच्या माळावर कबड्डीचा सामना ठरला आहे. एका अंगाला आपल्या गावची पोरे, दुसऱ्या अंगाला शेजारच्या गावची. माणसे गोल करून उभी राहिली आहेत. एवढ्यात कोणी तरी विचारतो, "पंच कोण?"

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. मग एक जण पुढे होतो आणि शिट्टी तुमच्या हातात ठेवतो. "दादा, तुम्ही पूर्वी खेळत होता. आज तुम्हीच पंच व्हा. नाही म्हणू नका."

तुम्ही हो म्हणता. शिट्टी गळ्यात येते. पण पुढे काय? कुठे उभे राहायचे? काय पाहायचे? भांडण झाले तर काय करायचे? या पाठात आपण तेच पाहू. आम्ही कित्येक वर्षे गावोगावच्या सामन्यांत शिट्टी धरली आहे. काही गोष्टी नियमांच्या पुस्तकातून शिकलो. काही गोष्टी चुका करून शिकलो. दोन्ही इथे सांगतो.

पंच कशासाठी?

पाचामुखी परमेश्वर, असे आपण म्हणतो. पाच जण मिळून जे बोलतील ते खरे, असा त्याचा अर्थ. पंच हा शब्द त्यातलाच. गावच्या पंचायतीला जसा सरपंच असतो, तसा कबड्डीच्या सामन्यालाही सरपंच असतो. नाव एकच आहे आणि कामही पुष्कळसे सारखे आहे. आपला-परका न पाहता निवाडा करायचा, हे ते काम.

पंच नसला तर काय होते? प्रत्येक पकडीवर वाद होतो. ज्याचा आवाज मोठा, त्याला गुण मिळतो. दुबळ्याच्या पोराला न्याय मिळत नाही. शेवटी खेळ राहतो बाजूला आणि हाणामारी सुरू होते. कबड्डी हा अंगाला अंग भिडण्याचा खेळ आहे. तिथे राग यायला वेळ लागत नाही. तो राग नियमाच्या आत ठेवणे हे पंचाचे खरे काम आहे.

आधी नियम एक करा

हा खेळ फार जुना. आपल्याकडे त्याला हुतूतू म्हणत. तमिळ मुलखात चेडुगुडू म्हणत, बंगालात हाडुडू. जसे गाव तशी रीत. कुठे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होई, त्याला संजीवनी म्हणत. कुठे बाद झालेला गडी सगळा डाव संपेपर्यंत बाहेरच बसे, त्याला गामिनी म्हणत. कुठे कोणी बाहेर जातच नसे, नुसते गुण मोजत, त्याला अमर म्हणत.

पुढे महाराष्ट्रातल्या जाणत्या मंडळींनी नियम एक करण्याचे काम हाती घेतले. १९३६ साली जर्मनीत बर्लिनला ऑलिंपिक सामने झाले. तिथे अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हा आपला खेळ करून दाखवला. १९५० साली अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून जागा मिळाली. २०१० साली स्त्रियांच्या कबड्डीलाही ती मिळाली. शंकरराव साळवी यांनी या खेळासाठी आयुष्य वेचले. लोक त्यांना प्रेमाने बुवा साळवी म्हणत. त्यांच्या जन्मदिवशी, १५ जुलैला, आपल्याकडे कबड्डी दिन पाळतात.

सांगायचा मुद्दा असा. नियम एक झाले म्हणून खेळ गावातून जगात गेला. तुमच्या माळावरही तेच लागू आहे. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना जवळ बोलवा. नियम मोठ्याने सांगा. "तिसऱ्या चढाईत गुण घ्यायलाच हवा, हा नियम आज आहे की नाही? तीन किंवा कमी गड्यांनी पकड केली तर एक गुण जादा द्यायचा की नाही?" मोठ्या स्पर्धांत हे नियम आले आहेत. काही गावांत अजून जुन्या रीतीने खेळतात. जे काही असेल ते आधी ठरवा. सामना सुरू झाल्यावर नवा नियम काढू नका.

अंगणाची आखणी

पुष्कळ भांडणे वाकड्या रेषेमुळे होतात. म्हणून आखणीच्या वेळी पंचाने स्वतः हजर असावे.

पुरुषांचे क्रीडांगण १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असते. मधोमध मध्यरेषा. म्हणजे प्रत्येक बाजूचे अंगण साडेसहा मीटर झाले. मध्यरेषेपासून ३ मीटर ७५ सेंटिमीटरवर निदान रेषा. तिच्या पुढे १ मीटरवर बोनस रेषा. शेवटी अंतिम रेषा. दोन्ही कडांना १ मीटर रुंदीची पट्टी असते, तिला राखीव क्षेत्र म्हणतात. स्त्रियांचे क्रीडांगण १२ मीटर लांब आणि ८ मीटर रुंद. त्यात निदान रेषा मध्यरेषेपासून ३ मीटरवर आणि बोनस रेषा ४ मीटरवर येते.

चौकोन सरळ आला की नाही हे कसे ओळखावे? सोपी युक्ती आहे. दोरीने एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजा. मग दुसरी तिरकी बाजू मोजा. दोन्ही मापे सारखी आली पाहिजेत. पुरुषांच्या क्रीडांगणात हे माप सुमारे १६ मीटर ४० सेंटिमीटर येते. मापे वेगळी आली तर चौकोन तिरका आहे. खुंट्या हलवा आणि पुन्हा मोजा.

रेषा फक्कीने मारा. फक्की नसेल तर चाळलेली राख चालेल. कळीचा चुना मुळीच वापरू नका. तो घामाच्या अंगाला पोळतो. डोळ्यात गेला तर डोळा जाण्याची भीती असते. माळावरचे खडे, काचा, बाभळीचे काटे वेचून काढा. वर पाणी शिंपडा म्हणजे धूळ बसेल. धूळ बसली तर पोरांना दम घेता येतो आणि तुम्हालाही पाय नीट दिसतात.

माणसे कोणकोण लागतात?

नियमाप्रमाणे एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. पंच दोन्ही कडांना उभे राहतात. सहायक दोन्ही अंतिम रेषांजवळ असतात. बाद झालेले गडी ओळीने बसवणे आणि कोण आधी बाद झाला हे लक्षात ठेवणे हे त्यांचे काम. कारण जो आधी बाद झाला तोच आधी जिवंत होतो. इथे लबाडी फार होते. चांगला चढाईपटू मागे बसलेला असतो आणि हळूच पुढे सरकतो. सहायकाने हे चालू देऊ नये.

गावात सहा माणसे मिळाली नाहीत तर निदान चार तरी घ्या. दोन पंच, एक लिहिणारा, एक घड्याळवाला. शक्य असेल तर एक पंच आपल्या गावचा घ्या, एक पाहुण्यांचा घ्या आणि सरपंच तिसऱ्या गावचा ठेवा. गुणलेखक म्हणून नव्याने लिहायला शिकलेल्या माणसाला बसवा. त्याला सराव होतो आणि गावाचे काम होते. मुलींच्या सामन्यात एखादी खेळलेली ताई पंच झाली तर फार उत्तम. तायांनो, तुम्ही संकोच करू नका. शिट्टी वाजवायला ताकद लागत नाही, नजर लागते.

सामन्याआधीची तपासणी

दोन्ही संघ ओळीने उभे करा. प्रत्येक संघाचे सात गडी मैदानात खेळतात. प्रत्येकाचे हात पाहा. नखे वाढली असतील तर कापायला लावा. अंगठी, कडे, गळ्यातली साखळी काढायला सांगा. कोणी अंगाला तेल चोळून आला असेल तर त्याला धुऊन यायला सांगा. तेलकट अंगावर पकड बसत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते! कमरेला बकल नको. पाठीवर आकडा नसेल तर खडूने काढा, म्हणजे "तो लाल सदऱ्याचा" असे म्हणत बसावे लागणार नाही.

मग नाणे उडवा. जो जिंकेल तो अंगण मागेल किंवा पहिली चढाई मागेल. पुरुषांचा सामना २० मिनिटांचे दोन डाव असा असतो आणि मध्ये ५ मिनिटे विश्रांती. मुलांचा आणि स्त्रियांचा डाव बहुधा १५ मिनिटांचा ठेवतात. घड्याळ एकच धरा. दोन घड्याळे म्हणजे दोन भांडणे.

डोळा पायावर, कान दमावर

आता सामना सुरू झाला. चढाईपटू निघाला. नवा पंच काय करतो? तो चढाईपटूच्या तोंडाकडे आणि हाताकडे पाहतो. तिथेच तो फसतो. आम्ही सांगतो ते ध्यानात धरा. डोळा पायावर ठेवा आणि कान दमावर ठेवा.

पहिली गोष्ट दमाची. मध्यरेषा ओलांडण्याआधी "कबड्डी, कबड्डी" सुरू झाले पाहिजे. ते मोठ्याने, स्पष्ट आणि एका श्वासात चालू राहिले पाहिजे. उशिरा सुरू केले तर त्याला परत पाठवा आणि समोरच्यांना एक तांत्रिक गुण द्या. समोरच्या अंगणात दम तुटला तर तो बाद. नुसते ओठ हलतात आणि आवाज येत नाही, असे करणारे बहाद्दर फार असतात. म्हणून प्रेक्षकांचा गलबला वाढला की दोन पावले जवळ जा आणि कान द्या. चढाईला ३० सेकंद असतात. त्यापलीकडे वेळ देऊ नका.

दुसरी गोष्ट निदान रेषेची. कोणाला न शिवता, झटापट न होता चढाईपटू परत आला, तर त्याने निदान रेषा एकदा तरी ओलांडलेली असली पाहिजे. नाही तर तो बाद. पण ओलांडणे म्हणजे काय? एक पाय रेषेपलीकडे टेकला आणि त्याच वेळी दुसरा पाय उचललेला असला, तरच रेषा ओलांडली. पुढचा पाय पलीकडे टेकला आणि मागचा अलीकडे जमिनीलाच असला, तर ओलांडली नाही. मग आता सांगा, पंचाने कोणता पाय पाहावा? मागचा!

बोनस रेषेलाही हाच हिशेब. शिवाय समोरच्या अंगणात निदान सहा गडी उभे असले पाहिजेत. पाच असले तर बोनस नाही. म्हणून प्रत्येक चढाईआधी समोरचे गडी मनात मोजा. ही सवय लागली की अर्धी भांडणे मिटतात.

तिसरी गोष्ट राखीव क्षेत्राची. झटापट सुरू होण्याआधी तिथे पाय पडला तर तो गडी बाद. झटापट सुरू झाली की ती पट्टी खेळात धरली जाते. म्हणजे पंचाला आधी हे ठरवावे लागते की स्पर्श झाला का आणि केव्हा झाला.

चौथी गोष्ट पकडीची. हात, पाय किंवा धड धरता येते. केस धरणे, कपडे धरणे, तोंड दाबून दम बंद करणे, पायांची कैची घालणे, मुद्दाम रेषेबाहेर ढकलून देणे, हे सगळे नियमाबाहेर आहे. अशा पकडीने चढाईपटू बाद होत नाही. जो बचाव करणारा आधीच रेषेबाहेर गेला आणि तरी पकडायला धावला, तोही बाद. त्याने धरलेला चढाईपटू सुटतो.

चढाईपटू आणि पकडणारे मध्यरेषेशी लोळत असतात, तो क्षण सर्वांत अवघड. सगळी माती उडते. तिथे पंचाने वाकून, गरज पडली तर गुडघ्यावर बसून पाहावे. हात किंवा बोटे आपल्या अंगणात टेकली का, हे दिसले पाहिजे. मात्र गड्यांच्या पायात जाऊ नका. पंचाला धक्का लागून चढाईपटू अडला तर त्यासारखी नामुष्की नाही.

गुणांचा हिशेब

हिशेब सोपा आहे. एक गडी बाद झाला की समोरच्यांना एक गुण मिळतो आणि त्यांचा एक बाद गडी जिवंत होतो. बोनसचा एक गुण मिळतो, पण बोनसने कोणी जिवंत होत नाही. सगळा संघ बाद झाला तर लोण. लोणचे दोन गुण जादा मिळतात आणि बाद झालेला संघ पुन्हा सातही गड्यांनिशी अंगणात येतो.

उदाहरण घेऊ. समोर सात गडी आहेत. चढाईपटूने बोनस रेषा नियमाप्रमाणे ओलांडली आणि दोघांना शिवून तो परत आला. गुण किती? बोनसचा १ आणि शिवलेल्यांचे २, मिळून ३. जिवंत किती होतील? दोन.

दुसरे उदाहरण. समोर दोनच गडी उरले आहेत. चढाईपटूने दोघांना शिवले आणि तो परत आला. शिवलेल्यांचे २ आणि लोणचे २, मिळून ४.

गुण दिला की हात वर करून ज्या संघाचा गुण त्या बाजूला दाखवा. बोटांनी आकडा दाखवा. बोनस असेल तर अंगठा वर करा. गुणलेखकाने तुमच्याकडे पाहूनच लिहावे, प्रेक्षकांचे ऐकून लिहू नये. एक चढाई संपली की पाच सेकंदांत दुसरी बाजू चढाईला गेली पाहिजे. म्हणून तुमचा निर्णयही लवकर आणि स्पष्ट हवा.

शिट्टीची घाई नको

हिमालयातल्या लडाख मुलखात कडाक्याची थंडी पडते. तलाव गोठतात. तिथली पोरे आणि आपले जवान त्या गोठलेल्या पाण्यावर हॉकी खेळतात. पायात लोखंडी पात्यांचे बूट असतात. चेंडूऐवजी रबराची जाड चकती असते. या खेळाचा पंचही तसलेच बूट घालून घसरत असतो. त्याच्या कामातली एक रीत आम्हाला फार आवडली. एखाद्याने आगळीक केली, पण चकती दुसऱ्याच संघाकडे असली, तर पंच लगेच शिट्टी वाजवत नाही. तो हात वर करतो, म्हणजे "मी पाहिले आहे" असे सांगतो, आणि थांबतो. चकती आगळीक करणाऱ्या संघाच्या ताब्यात गेली की मग शिट्टी वाजते. कारण लगेच शिट्टी वाजवली तर ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच संधी जाते. मग आगळीक करणारा गडी लहान चुकीसाठी दोन मिनिटे बाहेर बसतो.

कबड्डीतही घाईची शिट्टी वाईट. चढाईपटू चार जणांच्या खाली दबला म्हणून तो बाद झाला, असे नव्हे. दम चालू आहे, हात सरकतो आहे, तोवर थांबा. फक्त एका वेळी लगेच शिट्टी वाजवा. कोणाची मान अडकली, गळा दाबला गेला किंवा हात उलटा पिरगाळला गेला तर. तिथे गुण राहू द्या, आधी जीव. गडी मानेवर पडला आणि उठत नसेल तर त्याला ओढून उठवू नका. मान हलवू देऊ नका आणि दवाखान्याची व्यवस्था करा. रक्त येत असेल तर पट्टी बांधल्याशिवाय पुन्हा खेळू देऊ नका.

आपल्या खेळातही शिक्षेच्या पायऱ्या आहेत. हिरवे कार्ड म्हणजे ताकीद. पिवळे म्हणजे दोन मिनिटे बाहेर. लाल म्हणजे त्या सामन्यातून बाहेर. गावात रंगीत पुठ्ठ्याचे तुकडे कापून ठेवा. शिवी दिली, पंचाच्या अंगावर धावला, मुद्दाम लाथ मारली, तर कार्ड दाखवा. आपल्या भावकीतला असला तर आधी दाखवा!

एक तासाचा वाद

पंचांचा निर्णय डळमळला तर काय होते, याचे मोठे उदाहरण सांगतो. ७ ऑक्टोबर २०२३ हा दिवस. चीनमधल्या हांगझौ शहरात आशियाई सामन्यांची पुरुषांची अंतिम कबड्डी चालू होती. एका बाजूला भारत, दुसऱ्या बाजूला इराण. गुण २८-२८. सुमारे एक मिनिट उरले होते. भारताचा चढाईपटू कोणाला न शिवता राखीव क्षेत्रात गेला. त्याच्यामागे इराणचे बचाव करणारेही तिथे गेले. आता बाद कोण? एका नियमाप्रमाणे फक्त चढाईपटू बाद. दुसऱ्या नियमाप्रमाणे त्याच्यामागे आत शिरलेलेही बाद. कोणता नियम लावायचा यावर वाद पेटला. निर्णय एकदा असा झाला, एकदा तसा झाला. गडी मैदानात बसून राहिले. जवळपास एक तास खेळ बंद पडला. शेवटी सामना पुढे चालला आणि भारत ३३-२९ असा जिंकला.

आपण जिंकलो, याचा आनंद आहेच. पण पंचाने यातून धडा घ्यावा. एवढ्या मोठ्या मैदानात, एवढ्या जाणत्या माणसांत जे झाले, ते आपल्या माळावर सहज होईल. म्हणून नियम आधी ठरवा आणि निर्णय एकदाच द्या.

दोन पंचांचे मत वेगळे पडले तर? तेव्हा सरपंचाने दोघांना बाजूला घ्यावे, दोघांचे ऐकावे आणि निर्णय द्यावा. बोलणी फक्त कर्णधाराशी करा. "बाकीचे मागे व्हा," असे शांतपणे सांगा. आजकाल कोणी तरी मोबाईलवर चित्र काढलेले असते. तो ते नाचवत पुढे येतो. आधी तसे ठरले नसेल तर ते पाहू नका. एकाचे पाहिले तर दहा जणांचे पाहावे लागेल.

आमची चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. सांगताना बरे वाटत नाही, पण सांगतो.

अशीच एक जत्रा होती. पाहुण्या गावचा संघ आलेला होता. शेवटची चढाई. पाहुणे एका गुणाने मागे. त्यांचा एक किडकिडीत पोरगा चढाईला आला. एकाला शिवून तो मागे वळला, तोच आमच्या पोरांनी त्याला घेरून पाडला. तो मध्यरेषेकडे सरपटत होता. आम्ही चुकीच्या बाजूला उभे होतो. मधे पाठी आल्या, धूळ उडाली. आम्हाला हात दिसला नाही. तेवढ्यात सगळा माळ ओरडला, "गेला! गेला!" आम्ही शिट्टी फुंकली आणि त्याला बाद दिले.

पलीकडे दुसरा पंच होता. त्याने बोटे मध्यरेषेपलीकडे टेकलेली पाहिली होती. तो आमच्याकडे पाहत होता. आम्ही त्याला विचारले नाही. खरे सांगायचे तर विचारायचे धाडस झाले नाही. सगळे गाव नाचायला लागले होते.

तो पोरगा उठला. काही बोलला नाही. नुसती बोटांची माती झाडत आमच्याकडे बघत राहिला. देवळात पाहुण्यांसाठी जेवण शिजले होते. ते न जेवता गेले. पुढच्या वर्षी आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. दोन गावांची सोयरीक होती, येणेजाणे होते. तिथे हा काटा बसला.

तिसऱ्या वर्षी जत्रेआधी आम्ही त्यांच्या गावी गेलो. पारावर मंडळी बसली होती. तो पोरगाही होता. आम्ही म्हणालो, "त्या दिवशी आमची चूक झाली. आम्ही पाहिले नव्हते. लोकांच्या ओरडण्यावर निर्णय दिला." थोडा वेळ कोणी बोलेना. मग त्याचा म्हातारा आजा म्हणाला, "चूक कुणाची होत न्हाई? पर तुमी तवाच त्या दुसऱ्या पंचाला इचारलं असतं, तर आज चालत यायचं काम पडलं नसतं."

म्हाताऱ्याने एका वाक्यात सगळे नियमांचे पुस्तक सांगितले. त्या साली ते संघ घेऊन आले, आणि जेवून गेले.

तेव्हापासून आम्ही एक नेम केला आहे. जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्यावर शिट्टी वाजवायची नाही. दिसले नसेल तर सोबतच्या पंचाला विचारायचे, भर मैदानात, सगळ्यांसमोर विचारायचे. विचारल्याने पंच लहान होत नाही.

लक्षात ठेवा

१. नियम सामन्याआधी ठरवा. कर्णधारांना मोठ्याने सांगा.
२. आखणी मोजून करा. कळीचा चुना वापरू नका.
३. डोळा पायावर, कान दमावर.
४. प्रत्येक चढाईआधी समोरचे गडी मोजा.
५. गळा, मान, डोके यांना धोका असेल तरच शिट्टीची घाई करा.
६. दिसले नसेल तर विचारा. निर्णय एकदाच द्या.
७. सामना संपल्यावर दोन्ही संघांचे हात मिळवून द्या. मग शिट्टी गळ्यातून काढा.

सांगा पाहू

१. समोर पाच गडी आहेत. चढाईपटूने बोनस रेषा ओलांडली आणि एकाला शिवून तो परत आला. त्याला किती गुण द्याल?
२. निदान रेषा ओलांडली की नाही हे ठरवताना कोणता पाय पाहाल?
३. तुमच्या गावच्या मागच्या सामन्यात कशावरून वाद झाला होता? तो आधीच कसा टाळता आला असता? वहीत पाच ओळी लिहा.